आमची वाटचाल : बीटमागचं नाव टिकवताना

बीटमेकर्सची, म्हणजे रॅपमागचं संगीत (बीट) बनवणाऱ्यांची, अडकलेली रॉयल्टी मिळवून देणं, एवढ्यासाठी आमची फर्म सुरू झाली. कागद यायचे ते गाणं गाजल्यावर आणि तोवर सह्या होऊन गेलेल्या असायच्या. आता आमचं बहुतेक काम गाणं बाहेर पडण्याआधीच उरकतं.

एका गाण्यात हक्क दोन : रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे मास्टरचा. हिप-हॉपमध्ये रचनेचा निम्मा वाटा बीटचा धरतात. मास्टरवरचे पॉइंट्स, म्हणजे त्याच्या कमाईतले साधारण ३ ते ४ टक्के, ते वेगळे. ‘वर्क फॉर हायर’ (काम करवून घेणाराच मालक) असं लिहिलेल्या कागदावर सही झाली की एकरकमी फीच्या बदल्यात दोन्ही जाऊ शकतात. म्हणून मिळणारी रक्कम ॲडव्हान्स आहे की पूर्ण मोबदला, हे करारात स्पष्ट नसेल तर आम्ही सही करू देत नाही.

स्प्लिट शीट, म्हणजे रचनेत कोणाचा किती वाटा याचा कागद, स्टुडिओतून उठण्याआधीच भरायची : कायदेशीर नाव, टोपणनाव, आयपीआय क्रमांक (रचनाकाराचा ओळख क्रमांक), टक्का, सही. बेरीज १०० यायलाच हवी. प्रत्येकाने आपापली वेगळी नोंद केली आणि एकूण ११० झाले, तर वाद मिटेपर्यंत पैसे अडकतात. लूप (बीटमध्ये पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) दुसऱ्याचा असेल तर त्याचाही टक्का त्याच कागदावर. जुन्या गाण्याचं सॅम्पल, म्हणजे त्यातून उचललेला तुकडा, असेल तर परवानग्या दोन लागतात, मास्टरची आणि रचनेची. एकीवर भागत नाही.

लीजवर, म्हणजे फक्त वापराच्या परवान्यावर, दिलेल्या बीटचा घोळ वेगळाच. एकच बीट दहा रॅपर्सकडे नॉन-एक्स्क्लुझिव्ह, म्हणजे कुणा एकाचाच हक्क न ठेवता, गेलेली असते. त्यातल्या एकाने आपलं गाणं कंटेंट आयडीत (यूट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा) टाकलं, की उरलेल्या नऊ जणांवर आणि खुद्द बीटमेकरच्या व्हिडिओवरही दावा लागू शकतो. म्हणून गाणं कंटेंट आयडीत टाकायला मनाई, हे लीजमध्येच लिहून घेतो.

सगळ्यात जास्त गैरसमज क्रेडिटबद्दल आहे. गाणं स्ट्रीमिंगवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या फॉर्ममध्ये ‘प्रोड्यूसर’च्या रकान्यात नाव आलं म्हणजे रॉयल्टी सुरू झाली, असं नाही. ते नाव फक्त दिसण्यापुरतं. रचनेची नोंद रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे वेगळी करावी लागते आणि ती ध्वनिमुद्रणाच्या १२ अक्षर-अंकी ओळख कोडशी (आयएसआरसी) जोडलेली आहे का, हे तपासावं लागतं. अमेरिकेतल्या डिजिटल रेडिओचे पैसे साउंडएक्सचेंज ही संस्था वाटते : ५० टक्के मास्टरच्या मालकाला, ४५ मुख्य कलाकाराला, ५ साथीदारांना. यात प्रोड्यूसरचा रकानाच नाही. कलाकाराने सही केलेलं ‘लेटर ऑफ डिरेक्शन’, म्हणजे पैसे वळवण्याचं पत्र, तिकडे गेलं तरच त्याच्या वाट्यातून प्रोड्यूसरला थेट पैसे मिळतात. हे पत्र आम्ही बीटच्या करारासोबतच सहीला ठेवतो. गाणं निघाल्यावर कलाकाराला गाठणं फार अवघड जातं.