३/४ की ६/८?
आज दिवसभर एकच चाल स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेषांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, उतरवत बसले होते. प्रत्येक बारमध्ये (उभ्या रेघांनी पाडलेल्या तालाच्या एका भागात) सहा एट्थ नोट्स (पूर्ण नोटच्या एक-अष्टमांश लांबीचे स्वर), एवढं नक्की. पण सुरुवातीला तालाची खूण म्हणून ३/४ लिहायचं की ६/८? बेरीज सारखीच. ३/४ मध्ये दोन-दोनच्या तीन जोड्या, ६/८ मध्ये तीन-तीनचे दोन गट. म्हणजे वजन तिसऱ्या-पाचव्या नोटवर येतं की चौथ्या, हे ऐकायचं. ठोके देणारा मेट्रोनोम बंद केला आणि गुणगुणत खोलीभर चालले. पाऊल पहिल्या नि चौथ्या नोटवरच पडत होतं. ६/८! बीम (नोट्स जोडणाऱ्या आडव्या रेघा) तीन-तीनचे बांधले आणि पान लगेच वाचता यायला लागलं. जोर कुठे द्यायचा हे गटांवरूनच कळावं, जागोजागी ॲक्सेंट (जोराच्या खुणा) पेरून नव्हे, असं मला मनापासून वाटतं. मधला एक बार मात्र खरंच तीन जोड्यांचा आहे. तिथे तेवढ्यापुरतं ३/४ लिहिलंय, वर सूचना: एट्थ नोटचा वेग तोच.