अ‍ॅन्शुट्झ ५४ चं काम कुठवर आलं : नवा स्टॉक, लॉट टेस्टिंग आणि नीलिंगची कटकट

रायफल तीच आहे हो, जुनी अ‍ॅन्शुट्झ १९१३, .२२ बोल्ट अ‍ॅक्शन, ५४ मॅच अ‍ॅक्शनवाली (अ‍ॅक्शन म्हणजे गोळी भरून उडवणारी यंत्रणा), एका सिनियर नेमबाजाकडून सेकंडहँड घेतलेली. बदललंय ते तिच्या आजूबाजूचं सगळं. अमेरिकेतली मंडळी अ‍ॅक्शन एका कंपनीचं, बॅरल दुसऱ्या कंपनीचं असं मागवून घरच्या गॅरेजमध्ये अख्खी रायफल जोडतात, ते व्हिडिओ बघायला भारी वाटतात पण आपल्याकडे शस्त्राचा नंबर परवान्यावर चढलेला असतो, त्यामुळे बॅरल-अ‍ॅक्शनला आपण हात लावायचा नाही, काही काम निघालंच तर परवाना असलेल्या गनस्मिथकडे कागदपत्रांसकट जायचं. म्हणजे आपल्यासाठी बिल्ड म्हणजे स्टॉक (ज्यात बॅरल-अ‍ॅक्शन बसतं तो सांगाडा), बट प्लेट (खांद्याला टेकते ती), चीक पीस (गाल टेकवायचं), साइट, वजनं आणि गोळी. आणि खरं सांगू का, ५० मीटरला तेवढंच खूप होतं.

५० मीटरच्या थ्री पोझिशन स्पर्धेत घोळ असा की रायफल एक पण मागतात तिन्ही पोझिशन वेगवेगळी. नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन (पालथं पडून), स्टँडिंग (उभं राहून), प्रत्येकी २० शॉट, आणि सगळ्याला मिळून ९० मिनिटं, त्यातच सेटिंग बदलायचं, जॅकेटची बटणं, स्लिंग (हाताला अडकवायचा पट्टा), सगळं. प्रोनला बट लांब हवा, हँडस्टॉप (डावा हात अडतो तो) पुढे हवा, मान पुढे येते म्हणून डायोप्टर (मागची बारीक भोकाची साइट) रेलवर सरकवावा लागतो. स्टँडिंगला बट प्लेट खाली घ्यायची म्हणजे रायफल वर येते आणि मान सरळ राहते, स्लिंग तर चालतच नाही, उलट पाम रेस्ट (खालून तळहात टेकवायचा) लागतो, तोही बॅरलच्या मध्यरेषेपासून २०० मिमीपेक्षा खाली गेलेला चालत नाही. मी आधी लाकडी स्टॉकवर हे सगळं करायचो, तेव्हा बट प्लेट फिरवायला अ‍ॅलन की शोधण्यातच वेळ जायचा.

लाकडी स्टॉक काढून अ‍ॅल्युमिनियमचा का लावला? दिसायला भारी म्हणून नाही (दिसतो भारी, ते सोडा). पावसाळ्यात पुण्यातसुद्धा लाकूड फुगतं, अ‍ॅक्शनचे स्क्रू तेवढेच आवळलेले असले तरी बेडिंगवरचा (अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये बसतं त्या जागेवरचा) दाब बदलतो आणि झिरो (नेम धरू तिथेच गोळी लागावी असं साइटचं सेटिंग) दोन-तीन क्लिक इकडेतिकडे सरकतो. दोन-तीन क्लिकचं काही नाही, सायटिंगमध्ये (गुण न धरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या शॉटमध्ये) सापडतात, पण मॅचच्या मधे ऊन पडलं की परत डोक्यात शंका सुरू. अ‍ॅल्युमिनियमला ती भानगड नाही. त्याची दुसरी भानगड म्हणजे मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवली तर चीक पीसवर गाल टेकवत नाही, आणि घामाने स्क्रू गंजतात, म्हणून सगळे स्क्रू स्टेनलेसचे करून घेतले.

नव्या स्टॉकवर अ‍ॅक्शनचे स्क्रू किती आवळायचे हे टॉर्क पान्याने बघितलं, ४ न्यूटन-मीटरपासून अर्ध्या-अर्ध्याने वर. माझ्या रायफलीला ५ वर सगळ्यात बरं दिसलं. तुमच्या रायफलीला तेच असेल असं नाही, आणि पाच शॉटचा एक छान ग्रुप (जवळजवळ पडलेल्या शॉटचा घोळका) बघून लगेच खूश होऊ नका, तो नशिबानेही येतो. दहा-दहाचे दोन-चार ग्रुप टाका, मग बोला.

बट प्लेट एमईसी कंपनीची कॉन्टॅक्ट थ्री आहे, महाग आहे, पण तिचे कोन सगळ्या बाजूंनी फिरतात आणि प्रत्येक सरकणाऱ्या भागावर खूण करता येते. मी तीन रंगांची नेलपॉलिश वापरलीये, लाल नीलिंग, पांढरी प्रोन, निळी स्टँडिंग. आमचे कोच सर एकच वाक्य सारखं म्हणतात, "रायफल खांद्याकडे आण, खांदा रायफलीकडे नेऊ नकोस," आणि डोळे मिटून पोझिशन घ्यायला लावतात. डोळे उघडल्यावर डायोप्टरमधून फ्रंट साइट मधोमध दिसली नाही तर चीक पीस चुकलंय, मान वाकडी करून जुळवायचं नाही.

वजनाचं सांगतो. पुढच्या बाजूची वजनं भोसरीत एका लेथवाल्याकडून पितळेची करून घेतली, बाहेरून मागवली असती तर कस्टमसकट किती पडली असती ते न काढलेलंच बरं. नियमाप्रमाणे सगळं लावून ८ किलोपर्यंत चालते, माझी पाम रेस्ट धरून ६.९ भरते, बॅगा तोलायच्या हुकवाल्या काट्यावर. स्टँडिंगला पुढे वजन असलं की रायफल संथ हलते, पण नीलिंगला तेच वजन डाव्या हातावर येतं आणि विसाव्या शॉटपर्यंत स्लिंगमधून नाडी ठोके मारताना दिसते.

ट्रिगर ५०१८, दोन स्टेजवाला (आधी हलका दाब, मग अडल्यावर सुटतो), तो साधारण १०० ग्रॅमवरच ठेवलाय. ५० मीटरला किमान वजनाचा नियम नाही म्हणून पोरं खूप हलका करतात, मला ते पटत नाही, थंडीत बोटं बधिर झाली की पहिली स्टेज कळतच नाही.

आता गोळीचं, कारण सगळ्यात जास्त फरक इथेच पडला. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं, गोळी ५.६ची, आणि वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत पडला की दहा मिळाला. दशांशात मोजलं तर प्रत्येक ०.१ म्हणजे ०.८ मिमी. एकाच ब्रँडच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटचे (लॉट म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेली गोळ्यांची खेप) ग्रुप मी व्हाइसमध्ये रायफल धरून घेतले, एक मध्य ते मध्य ८-९ मिमीत बसायचा, दुसरा १३-१४. डबा सारखाच, फक्त लॉट नंबर वेगळा! ४० ग्रेनची ही मॅच गोळी साधारण ३२५-३३० मीटर प्रति सेकंदाने निघते, मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेली, कारण तो वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळते. त्यामुळे प्रत्येक शॉटचा वेग किती सारखा आहे यावर शॉट वर-खाली किती विखुरतात ते ठरतं. आपल्याकडे हवा तो लॉट मिळेलच असं नाही, म्हणून चांगला लागला की परवान्यावर बसेल तेवढा उचलून ठेवा आणि प्रॅक्टिसला दुसरी गोळी वापरा.

हे सगळे मिलिमीटर कुठे लागतात ते बघायचं असेल तर पॅरिस ऑलिंपिक २०२४ ची याच प्रकाराची फायनल बघा. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ घेतलं तेव्हा स्कोअर ४५१.४, शॉट ४४, म्हणजे सरासरी १०.२६, आणि त्यातले १४ उभं राहून. क्वालिफिकेशनला ५९० मारून तो सातवा होता. माझं प्रोन आता बऱ्यापैकी लाइनवर आहे, स्टँडिंगचं तोंडाने बोलू नये, पण निदान सेटिंग जागेवर बसलंय.

राहिलंय नीलिंग. घोट्याखालचा रोल (२५ सेमी लांब, १८ सेमी व्यासापर्यंत चालतो) नवीन शिवून घेतला, आत भरायला थर्माकोलचे मणी टाकले तर बसल्यावर हळूहळू दबत जातात आणि दहाव्या शॉटला उंची बदललेली असते, म्हणून आता बारीक बुचाचा (कॉर्कचा) चुरा भरून बघणारे. त्याबरोबर पुढची दोन पितळी वजनं काढून हँडस्टॉप एक खाच मागे, आधी फक्त रोल, मग वजन, मग हँडस्टॉप, एका वेळी एकच. कोणी बुचाचा रोल वापरत असेल तर किती भरायचा ते सांगा, म्हणजे घट्ट की थोडा सैल.