घरी मुलाला हातानं शिकू द्यायचं, तर कोणतं पुस्तक आणू? तुम्ही विचारलंत म्हणून

"मुलाला त्याच्या कलानं, हातानं करून शिकू द्यायचंय. घरीच सुरुवात करायची आहे. आधी कोणतं पुस्तक वाचू?" असं विचारणाऱ्या बहुतेक पालकांना यादी हवी असते. यादी देता येते, आणि पुढे काही नावं येतीलच. पण यादीतलं पहिलंच पुस्तक मुलाच्या वयाचं नसलं, किंवा नुसत्या विचारांनी भरलेलं असलं, की दोन प्रकरणांनंतर ते मिटून ठेवलं जातं आणि पालकांना वाटतं, ही पद्धत आपल्या घरी जमणारी नाही. म्हणून आधी पुस्तक पारखायचं कसं, ते बघू.

मुलानं काय शिकावं हे सगळीच पुस्तकं सांगतात. चांगलं पुस्तक मोठ्या माणसानं काय करायचं आणि कुठे थांबायचं ते सांगतं. कोणत्या हातानं वस्तू उचलायची, दाखवताना बोलायचं की नाही, मुलाचं चुकलं तर काय, आणि हात मागे कधी घ्यायचा. हा भाग ज्या पुस्तकात नेमका आहे, ते घ्या. फोटो देखणे आहेत पण हे नाही, तर ते सजावटीचं पुस्तक समजा.

पारखायला एक सोपी जागा आहे. मॉन्टेसरी पद्धतीच्या, म्हणजे इटालियन डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांच्या, मुलाला साहित्य हाताळून शिकू देणाऱ्या पद्धतीच्या, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीच्या पुस्तकात स्पिंडल बॉक्सचं पान उघडा. या पेटीत दहा कप्पे असतात, त्यांवर 0 ते 9 आकडे आणि सोबत लाकडी काड्या. मूल कप्प्यावरचा आकडा वाचतं, एकेक काडी मोजून हातात घेतं, ती जुडी मुठीत धरून बघतं आणि कप्प्यात ठेवतं. शून्याचा कप्पा रिकामा राहतो. आता बघा, पुस्तक काड्या किती सांगतं. त्या बरोबर 45 हव्यात. 1 ते 9 ची बेरीज 45, त्यामुळे शेवटचा कप्पा भरला की एकही काडी उरत नाही. उरली किंवा कमी पडली, तर मोजताना काहीतरी चुकलंय हे मुलाला स्वतःलाच कळतं. "पन्नासेक काड्या घ्या" असं जिथे लिहिलंय, तिथे लेखकाला हे साहित्य कळलेलंच नाही. पाच काड्या जास्तीच्या आल्या की चूक दाखवायचं काम पुन्हा आई-बाबांकडे येतं, आणि ते काम त्यांच्याकडून काढून घेण्यासाठीच तर ही पेटी आहे.

याच पानावर आणखी दोन गोष्टी शोधा. एक, याआधी काय झालेलं असायला हवं. स्पिंडल बॉक्सच्या आधी लाल-निळ्या पट्ट्यांचे दहा दांडे येतात, सर्वांत लहान 10 सेंटिमीटरचा आणि सर्वांत मोठा 1 मीटरचा. त्यात पाच म्हणजे एक अखंड दांडा असतो. मग खरखरीत कागदाचे आकडे बोटांनी गिरवून ओळखीचे होतात. त्यानंतरच पाच म्हणजे पाच सुट्या काड्या, ही गोष्ट येते. नुसतं "वय 4 वर्षं" एवढंच लिहिणाऱ्या पुस्तकापेक्षा हा क्रम सांगणारं पुस्तक कितीतरी उपयोगी, कारण तुमचं मूल क्रमात कुठे आहे हे तुम्हाला बघता येतं, वयावरून ते कळत नाही. दुसरी गोष्ट, काय बिघडू शकतं. मुलानं 6 च्या कप्प्यात सात आणि 7 च्या कप्प्यात सहा काड्या टाकल्या, तर शेवटी काही उरणार नाही आणि चूक झाकली जाईल. अशा वेळी पेटी जागेवर जाऊ द्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायची. हे लिहिणारा लेखक मुलांसोबत बसलेला असतो.

नावं शिकवण्याच्या तीन टप्प्यांच्या पाठावरूनही पुस्तकाची परीक्षा होते. फ्रेंच डॉक्टर एदुआर सेगँ यांच्या कामातून मारिया मॉन्टेसरी यांनी हा पाठ घेतला. आधी "हे गुळगुळीत, हे खरखरीत" असं नाव सांगायचं. मग "खरखरीत दाखव, गुळगुळीत माझ्या हातात दे" असं म्हणायचं. शेवटी एकावर बोट ठेवून "हे कसं आहे?" असं विचारायचं. बरीच पुस्तकं एवढ्यावर थांबतात. खरी मेख दुसऱ्या टप्प्यात आहे. तो सर्वांत लांब चालायला हवा, कारण तिथे मूल हालचाल करत, न बोलता नाव मुरवत असतं. घाईनं तिसऱ्या टप्प्यावर गेलं की पाठाची तोंडी परीक्षा होते. आणि मुलानं चुकीची वस्तू दिली तर "नाही, ती नव्हे" म्हणायचं नाही. पाठ तिथेच हसतमुखानं संपवायचा आणि पुन्हा कधीतरी पहिल्या टप्प्यापासून घ्यायचा. ज्या पुस्तकात हे वाक्य आहे, ते विश्वासानं घ्या.

मुखपृष्ठावरच्या शब्दांवर जाऊ नका. "मॉन्टेसरी" हे नाव कुणा एका संस्थेच्या मालकीचं नाही. 1967 साली अमेरिकेत ट्रेडमार्कचा वाद झाला, तेव्हाही हे सर्वसाधारण वर्णनाचं नाव आहे असाच निर्णय झाला. त्यामुळे स्टिकरच्या वहीवरही ते छापता येतं.

आता नावं. घरात एक ते तीन वर्षांचं मूल असेल तर सिमोन डेव्हिस यांचं 'द मॉन्टेसरी टॉडलर' (2019) पहिलं पुस्तक म्हणून चांगलं. भाषा सोपी आहे, घराची मांडणी, कपडे घालणं, झोप, हट्ट अशा रोजच्या गोष्टी त्यात आहेत. जन्मापासूनचा विचार हवा असेल तर पॉला पोल्क लिलार्ड आणि लिन लिलार्ड जेसन यांचं 'मॉन्टेसरी फ्रॉम द स्टार्ट' (2003). त्याचा सूर जरा ठाम आहे. सगळं तसंच्या तसं करायला गेलात तर धाप लागेल, तेव्हा एका वेळी एकच बदल उचला. तीन वर्षांपुढच्या मुलासाठी एलिझाबेथ हेनस्टॉक यांचं 'टीचिंग मॉन्टेसरी इन द होम' (1968) जुनं असलं तरी कामाचं आहे, कारण ते शाळेतलं साहित्य घरी कसं आणायचं यावर लिहिलेलं आहे.

मारिया मॉन्टेसरी यांचं स्वतःचं लेखन वाचायलाच हवं का? हवं, पण दुसऱ्या फेरीत. आणि तिथेही कुठून शिरायचं हे महत्त्वाचं. पुष्कळ जण 'द ॲबसॉर्बंट माइंड' (1949) पासून सुरुवात करतात आणि अडकतात. ते पुस्तक त्यांच्या अहमदाबादच्या व्याख्यानांवरून तयार झालेलं आहे. पहिल्या सहा वर्षांत मूल आपल्या भोवतालचं जग कसं शोषून घेतं याची ती मांडणी आहे, उद्या सकाळी काय करायचं ते त्यात सापडणार नाही. त्यापेक्षा 1914 चं 'डॉ. मॉन्टेसरीज ओन हँडबुक' आधी उघडा. ते छोटं आहे आणि साहित्य काय, ते कसं वापरायचं हे स्वतः करणाऱ्या बाईंच्या शब्दांत आहे. त्यानंतर 'द डिस्कव्हरी ऑफ द चाइल्ड' (1948), म्हणजे 1909 च्या त्यांच्या पहिल्या इटालियन पुस्तकाचं वाढवून, सुधारून पुन्हा लिहिलेलं रूप. 'द सीक्रेट ऑफ चाइल्डहुड' (1936) मधला तीन वर्षांच्या मुलीचा प्रसंग तर प्रत्येक पालकानं वाचावा. ती मुलगी लाकडी ठोकळ्यातली दंडगोलं काढून पुन्हा आपापल्या खाचेत बसवत होती. तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, भोवती मुलांना गाणं म्हणायला लावलं, तरी चाळिसाहून अधिक वेळा तिनं तेच केलं, आणि मग कुणी न सांगता थांबली. हा प्रसंग डोक्यात असला की "झालं ना एकदा, आता दुसरं घे" हे वाक्य तोंडातून निघत नाही.

मॉन्टेसरीच्या चौकटीबाहेरचंही एखादं पुस्तक असावं. अमेरिकन शिक्षक जॉन होल्ट यांचं 'हाऊ चिल्ड्रन लर्न' (1967) पद्धत शिकवत नाही, मुलांकडे बघायला शिकवतं. लहान मूल एखाद्या वस्तूशी काय काय करतं ते त्यांनी न ढवळता लिहून ठेवलं आहे. गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न' शाळेतल्या चौथीच्या वर्गाचं आहे, घरचं नाही. तरी ते वाचा. त्यातल्या शिक्षकाचा शांतीचा खेळ (सगळ्यांनी अगदी गप्प बसायचं) पहिल्याच दिवशी फसतो, वर्गात गोंधळ होतो आणि मग तो गोष्टींकडे वळतो. ठरवलेलं फसल्यावर मुलं काय सांगताहेत ते ऐकून मार्ग बदलायचा, हे इतक्या सहज क्वचितच कुणी लिहिलं असेल. "हे सगळं संशोधनाला धरून आहे का?" असा प्रश्न घरात उठत असेल, तर अँजेलिन स्टोल लिलार्ड यांचं 'मॉन्टेसरी: द सायन्स बिहाइंड द जीनियस' (2005). हालचाल, निवडीचं स्वातंत्र्य, बक्षिसांचा परिणाम अशी आठ तत्त्वं घेऊन त्यांनी मानसशास्त्राचे अभ्यास तपासले आहेत. वाचायला जड आहे, सुरुवात त्यानं करू नका.

इंग्रजी पुस्तकातलं भाषेचं प्रकरण मात्र तसंच्या तसं मराठीत उतरवता येत नाही, आणि इथे सर्वांत जास्त घोळ होतो. तिथली शब्दांची गुलाबी, निळी, हिरवी मालिका, म्हणजे सोप्याकडून अवघडाकडे जाणारे शब्दांचे तीन संच, इंग्रजी स्पेलिंगच्या अडचणींवरून बेतलेली आहे. आपल्याकडे अडचणी वेगळ्या आहेत. आधी बिनकान्याचे शब्द घ्या: घर, नळ, बदक, कमळ. मग काना, मग वेलांट्या, उकार, मात्रा, आणि जोडाक्षरं सर्वांत शेवटी. खरखरीत कागदाची अक्षरं करताना स्वर एका रंगाच्या पाटीवर, व्यंजनं दुसऱ्या. काना-मात्रांच्या चिन्हांच्या वेगळ्या छोट्या पाट्या करा, म्हणजे त्या अक्षराशेजारी सरकवून बघता येतात. अक्षर गिरवण्याची दिशा आधी स्वतः पक्की करा. मुलाचा हात तुमचीच दिशा उचलणार. ग, म, भ, न ही अक्षरं लिहायला एकत्र घेतली तर हाताला वळण सोपं जातं. पण ओळखायच्या तीन टप्प्यांच्या पाठात म आणि भ, किंवा घ आणि ध, एकत्र ठेवू नका. तिथे दिसायला आणि ऐकायला दूर असलेली दोनच अक्षरं घ्यायची.

वयाबद्दल एक गोष्ट पुस्तकं बारीक अक्षरात लिहितात, किंवा लिहीतच नाहीत. तीन ते सहा वर्षांसाठीचं साहित्य धाकट्या भावंडाच्या हाती लागतं. एकावर एक रचायच्या ठोकळ्यांच्या गुलाबी मनोऱ्यातला सर्वांत लहान ठोकळा 1 सेंटिमीटरचा असतो. लहान वस्तू तपासायच्या प्रमाणित नळीचा व्यास 31.7 मिलिमीटर असतो, आणि त्या नळीत पूर्ण मावणारी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. मणी, दाणे, बटणं सगळी यात आली. पुस्तक याबद्दल गप्प असेल तर ही जबाबदारी तुमची.

पुस्तक हाती आल्यावर साहित्य लगेच खरेदी करू नका. एक कृती निवडा. समजा, एका जगमधून (चोचीच्या भांड्यातून) दुसऱ्या जगमध्ये ओतणं. पुस्तकातलं वर्णन बाजूला ठेवून तीच कृती आपल्या शब्दांत एका कागदावर लिहा, आणि मूल झोपलेलं असताना करून बघा. दोन सारखे छोटे जग, तबक, शेजारी स्पंज. आधी कोरडे दाणे, ते जमले की पाणी. पाणी दुसऱ्या जगमध्ये काठापर्यंत न भरता मावेल एवढंच. करून बघितलं की पुस्तकात न आलेल्या गोष्टी दिसतात: जगची चोच बोथट असेल तर पाणी बाहेरून ओघळतं, जग भरल्यावर मुलाच्या मनगटाला जड होतो, तबकाला कड नसेल तर जमीन ओली होते. मुलाला दाखवताना हात चालत असतील तर तोंड बंद ठेवा. दोन्ही एकदम असलं की मूल तोंडाकडे बघतं.

मग दहा-पंधरा मिनिटं बाजूला बसून लिहा, फक्त जे दिसलं ते. "कंटाळला" हे तुमचं मत झालं. "तीनदा ओतलं, चौथ्यांदा स्पंज पिळत बसला, मग खिडकीकडे गेला" ही नोंद. अशा नोंदींतून कळतं की त्याला ओतण्यापेक्षा पिळण्यात रस आहे. उद्या तबकात दोन वाडगे आणि स्पंज ठेवा, पाणी एका वाडग्यातून दुसऱ्यात स्पंजानं न्यायचं. फळीवर एका वेळी सहा-आठ कृती पुरेत. ज्यांना दोन आठवडे हात लागला नाही त्या काढा आणि त्यांची जागा लगेच भरू नका.

दुसरं पुस्तक आणायची वेळ तुमच्या नोंदवहीतून कळेल. पहिल्या पुस्तकानं ज्याचं उत्तर दिलं नाही असे तीन-चार प्रश्न तिथे जमले की ते घेऊन ग्रंथालयात जा, आणि नव्या पुस्तकाची अनुक्रमणिका त्या प्रश्नांसमोर धरून बघा.