कच्चे टाके

नेदरलँड्समधले आठ दिवस एका ओळीत सांगते: ट्युलिप पाहिले, पवनचक्क्या पाहिल्या, वाऱ्याने दोन छत्र्या मोडल्या. लिहायचंय ते हेगमधल्या एका दुपारबद्दल.

तिथल्या कुन्स्टम्युझियमला, म्हणजे कलासंग्रहालयाला, जायचा हट्ट माझा. आईचे गुडघे दुखत होते, त्यामुळे ती प्रत्येक दालनात आधी बाक शोधायची. आणि मला तरी मोंद्रियान, तो डच अमूर्त चित्रकार, कुठे आवडत होता? मगवर, पिशव्यांवर, मोज्यांवर तेच लाल-निळे-पिवळे चौकोन बघून कंटाळा आलेला.

इथे त्याची सुमारे ३०० चित्रं आहेत, म्हणून तो चौकोनांपर्यंत कसा पोचला ते पावलापावलाने दिसतं. आधी निळ्या संध्याकाळी पेटल्यासारखं लाल झाड. मग १९११ चं करडं झाड, नुसत्या फांद्यांच्या कमानी. १९१२ च्या फुललेल्या सफरचंदात झाड शोधावंच लागतं. १९०९ मध्ये तो थिऑसॉफिकल सोसायटीत गेला होता (हो, तीच आपली चेन्नईतल्या अड्यारची, अध्यात्मवाली). दिसणाऱ्या रूपामागे काही कायमचं आहे, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. शेवटी उभी रेघ, आडवी रेघ आणि तीन मूळ रंग, एवढंच उरलं. छापील चित्रात सपाट वाटणारा पांढरा रंग इथे ब्रशच्या फटकाऱ्यांनी भरलेला दिसतो. मी मुकाट्याने माझे शब्द मागे घेतले.

शेवटी ‘व्हिक्टरी बूगी वूगी’, पतंगासारखं कोनावर टांगलेलं. आई उठली आणि इतकी जवळ गेली की पहारेकरी खाकरला.

“अगं, हे चिकटवलंय!”

खरंच, रंगीत चिकटपट्ट्यांचे तुकडे.

“कच्चे टाके आहेत हे. बसतंय का ते बघितलंय, पक्कं कुठे शिवलंय अजून?”

जन्मभर गोधड्या शिवलेली बाई. तिला काय सांगणार? युद्धामुळे मोंद्रियान १९४० मध्ये न्यूयॉर्कला गेला, तिथे बूगी वूगी या पियानोवरच्या नाचऱ्या संगीताच्या तालावर खूष झाला. १९४२ पासून या चित्रावर तुकडे लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. १ फेब्रुवारी १९४४ ला न्यूमोनियाने गेला. चित्र तसंच राहिलं.

“केवढ्याला घेतलं?”

“१९९८ साली. आठ कोटी गिल्डर, म्हणजे इथलं युरोच्या आधीचं चलन.”

“अर्धवट कामाचे?” म्हणाली खरी, पण हलली नाही. उलट कुठला तुकडा अजून सरकायला हवा होता, ते मला बोटाने दाखवायला लागली. पहारेकरी पुन्हा खाकरला.