दूझेबाईंचे हात

काल रात्री दांडिया बाजारच्या घरात मोबाईलवर ‘चेनेरे’ लावला. १९१६ चा इटालियन मूकपट, एलेओनोरा दूझेचा एकुलता एक. जगभर रंगभूमी गाजवून साठीकडे झुकलेली बाई, आणि काम पोराला सोडून द्यावं लागलेल्या आईचं. चेहरा बराच वेळ शालीत, नाहीतर सावलीत. बोलतात ते हात.

शेजारी आई मटार सोलत होती. गणपतीतल्या नाटकांत तिने पुष्कळ कामं केलीत.

“हिला रंग नाही लावला कुणी?”

दूझे स्टेजवरही रंगरंगोटी टाळायची, हे सांगितलं.

“आम्हाला तर गालावर डबीभर लाली थापायचे!”

१९२४ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यातच दूझे पिट्सबर्गला वारली. आईने शेवट पुन्हा लावायला सांगितला. मटार अर्धेच राहिले.