आमची वाटचाल : शिरोलीतली शेड आणि दमाची वही

आमचा धंदा थोडक्यात सांगायचा तर लोकांच्या ओतकामाला आम्ही शेवटचा आकार देतो. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही ते सीएनसीवर (संगणकानं चालणाऱ्या लेथवर) टर्न करतो, व्हीएमसीवर (संगणकानंच चालणाऱ्या उभ्या मशीनवर) भोकं पाडतो, टॅप मारून आटे पाडतो, गेज लावून मापं तपासतो आणि परत पाठवतो. ट्रॅक्टरचे ब्रेक ड्रम, बेअरिंग हाउसिंग, पंपांची कव्हरं. कोल्हापुरात याला जॉबवर्क म्हणतात. मंदी आली की पहिलं काम जॉबवर्कवाल्याचं थांबतं आणि तेजी आली की पैसे सगळ्यात शेवटी त्याच्याकडं पोचतात.

सुरुवात सासऱ्यांनी केली, शिवाजी उद्यमनगरात, एका लेथवर. उसाला पाणी उपसायला ऑइल इंजिनं लागायची, ती उद्यमनगरात व्हायची, आणि त्या कामातनं फिटर, टर्नर, मोल्डर अशी एक पिढीच इथं तयार झाली. पुढं विजेच्या मोटारी आल्या, इंजिनं मागं पडली आणि तेच हात गाड्यांच्या नि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांकडं वळले. आम्हीही वळलो आणि शिरोली एमआयडीसीत शेड घेतली. मी बी.कॉम. झालेली. लग्न होऊन आले तेव्हा फक्त बिलं आणि बँकेच्या स्लिपा बघायची. मिस्टरांचा मणक्याचा त्रास वाढला, शेडमध्ये तासन् तास उभं राहणं त्यांना जमेना, तेव्हा गिऱ्हाईक, बँक आणि माणसं अशी तिन्ही खाती माझ्याकडं आली. ते ड्रॉइंग आणि कोटेशन बघतात, ते मला अजूनही जमत नाही. कामगार त्यांना साहेब म्हणतात आणि मला वहिनी.

‘उद्योजक म्हणून मनानं खंबीर कशा झालात ते लिहा’ असा आग्रह झाला म्हणून हे लिहायला बसले. कोल्हापूरचं माणूस म्हटलं की या विषयावर तालमीचा दाखला येतोच. तो मी देणार नाही, मला कुस्तीतलं काही कळत नाही. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते : आम्हाला खंबीर राहायचा सल्ला देणाऱ्यांपैकी बरेच जण आमचे थकबाकीदार आहेत.

या धंद्यात धक्का बसायला महापूर किंवा महामारीच लागते असं नाही, तो रोज बसतो. ड्रम चकला, म्हणजे मशीनच्या पकडीला, लावला, रफ कट घेतला, सगळं सुरळीत. फिनिशिंगचा शेवटचा कट संपतो, ऑपरेटर हवेच्या पाइपनं चिप उडवतो, आणि चकचकीत बोअरमध्ये (आतल्या भोकात) टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका दिसतो. ब्लो होल. ओतताना आत अडकलेला वायू. तो वरून दिसत नाही, टाचणी घालून बघावं तर कधी कधी पार आतपर्यंत जाते. तोवर त्या नगावर झालेलं सगळं काम पाण्यात : मशीनची वेळ, वीज, इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, एक कड. मटेरियलचा दोष मान्य झाला तर फौंड्री कास्टिंग परत घेते, पण आमची मजुरी मिळेलच असं नाही. दोष मशीनिंगचा ठरला तर कास्टिंगची किंमतही आमच्याच बिलातून कापली जाते, डेबिट नोट घरपोच. नवा पोरगा असला की त्याचं तोंड एवढंसं होतं. आमचे फोरमन, ज्यांना अख्खी शेड मामा म्हणते, ते येतात, ठिपक्याभोवती खडूनं गोल करतात, नग लाल पेटीत ठेवतात आणि म्हणतात, “पुढचा लाव.” त्याला रागवत नाहीत, समजूतही काढत नाहीत. त्या पोराचं काय करायचं ते जेवणाच्या सुट्टीनंतर बघतात, मशीन चालू असताना नाही. माणसं सांभाळायचं जे काही मला येतं त्यातलं बरंचसं या लाल पेटीपाशी उभी राहून आलं.

खरा कस २०१९ साली लागला. एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ हे नवे नियम लागू होणार होते, त्याआधी गाड्यांचा बाजार मंदावला होता आणि कंपन्यांनी साठे कमी करायला घेतले होते. आमचं निम्म्याहून जास्त काम एकाच गिऱ्हाइकाचं, त्यांचं शेड्यूल, म्हणजे दर महिन्याची मागणी, महिन्यागणिक खाली येत गेलं. त्यात ऑगस्टमध्ये पूर. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका धरतात. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक दिवसच्या दिवस बंद पडली. आमच्या शेडमध्ये पाणी शिरलं नाही, पण वीज गेली, रस्ता गेला आणि तयार माल आत अडकला.

ताज्या मशीनिंग झालेल्या बिडाला (ओतीव लोखंडाला) पावसाळी हवा फार लवकर धरते. सकाळी चांदीसारखा दिसणारा फेस संध्याकाळी तांबूस होतो. आंबेवाडी-चिखलीची आमची पोरं स्वतःची घरं आणि जनावरं बाहेर काढण्यात गुंतलेली, त्यांना बोलवायचा प्रश्नच नव्हता. शिरोलीतच राहणारे चार-पाच जण आले. अंधाऱ्या शेडमध्ये दार उघडं टाकून, जमिनीवर पोती अंथरून आम्ही एकेक नग पुसला आणि ब्रशनं गंजरोधक तेल लावलं. त्या तेलाचा वास हाताला आठवडाभर राहतो. शेजारच्या शेडवाल्यांनी, जे कोटेशनच्या वेळी आमच्यापेक्षा रुपयानं खाली उतरतात, त्यांनी न मागता आपला जनरेटर दिवसातून थोडा वेळ आमच्याकडं लावला. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, आणि पुढच्या कोटेशनला परत रुपयानं खाली उतरलेच.

त्याच पावसाळ्यात मी एक वही घातली. साधी, दोनशे पानी. दर शनिवारी पगारवाटप झालं की त्यात एकच हिशेब करायचा : उद्यापासून एक रुपयाही आला नाही, तर पगार, वीजबिल, मशीनचा हप्ता आणि बँकेच्या सीसीचं (कॅश क्रेडिटचं) व्याज यांना आपण किती दिवस पुरे पडू. वर शीर्षक लिहिलं ‘दम’. पहिल्यांदा आकडा काढला तेव्हा तीन आठवडेसुद्धा निघाले नाहीत. तरी त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली. मनात घोळणारी भीती ‘आता सगळं संपणार’ अशी असते, तिचं काही करता येत नाही. वहीतली भीती ‘दहा तारखेला दीड लाख कमी पडतात’ अशी असते. दीड लाखासाठी कुणाला तरी फोन करता येतो, एखादं जुनं बिल मागता येतं, इन्सर्टची खरेदी पंधरा दिवस पुढं ढकलता येते.

वहीचा दुसरा उपयोग लॉकडाऊनमध्ये कळला. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला. एप्रिलच्या शेवटी उद्योगांना अटींवर परवानग्या मिळायला लागल्या, पण गिऱ्हाइकांची शेड्यूलं शून्य होती आणि मे महिन्यात परप्रांतातली पोरं गावाकडं निघाली. उरलेल्या माणसांना मी शेडमध्ये लांब लांब बसवलं आणि वही त्यांच्यापुढं उघडून वाचली. मिस्टरांना हे पसंत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, मालकानं आपला रिकामा खिसा दाखवू नये, माणसं सोडून जातील, असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच चूक होतं असं नाही. बँकेत किती शिल्लक, कुणाकडून किती येणं, कुणाला किती देणं, सगळं वाचून झाल्यावर शेडमध्ये कुणी काही बोलेना. मग मामा म्हणाले, “वहिनी, आमाला वाटत हुतं तुमी लई पैसेवाल्या.” सगळे हसले, मीही हसले, आणि मग बोलणं सुरू झालं. ठरलं ते असं : हेल्परांना पूर्ण पगार, ऑपरेटर आणि मामांना काम सुरू होईपर्यंत अर्धा, घरात आम्ही काहीच घ्यायचं नाही, आणि राहिलेला अर्धा काम सुरू झाल्यावर हप्त्यानं चुकता करायचा. हेल्परांना पूर्ण द्यायचं हे मी सुचवलं नव्हतं, एका ऑपरेटरनं सुचवलं. दिवाळीपर्यंत सगळ्यांचं देणं फिटलं.

बँकेतही तीच वही नेली. रिझर्व्ह बँकेनं हप्ते आधी तीन महिने आणि मग आणखी तीन महिने लांबवायची मुभा दिली होती. व्याज मात्र चालूच राहणार होतं, आणि हे कित्येकांच्या ध्यानात उशिरा आलं. मेमध्ये केंद्र सरकारच्या हमीची तातडीची कर्जयोजना आली : २९ फेब्रुवारीला जेवढं कर्ज शिल्लक असेल त्याच्या २० टक्क्यांपर्यंत नवं कर्ज, वेगळं तारण न देता, पहिलं वर्ष मुद्दल भरायची नाही. आम्ही ते घेतलं. मॅनेजरांनी वही चाळली, ‘दम’ वाचून चष्मा काढला आणि विचारलं, “हे कुठल्या सीएनी शिकवलं?”

आता जे लिहिणार आहे ते सासूबाईंना विचारून लिहितेय. या सगळ्या काळात मला मध्यरात्री छातीत धडधड व्हायला लागली. हाताला घाम, श्वास पुरत नाही, आत्ताच काहीतरी होणार असं वाटायचं. ईसीजी काढला, तो व्यवस्थित. आमच्या डॉक्टरांनी गोळ्या न देता झोपेचं विचारलं आणि एका समुपदेशक बाईंचा नंबर दिला. घरात आधी कुजबुज झाली. सासूबाई म्हणाल्या, अंबाबाईची ओटी भरून ये. मी ओटीही भरली आणि समुपदेशकांकडंही गेले. त्यांनी मला उपदेश केला नाही, एक कामच दिलं : धडधड सुरू झाली की त्या क्षणी मनात कोणतं वाक्य चाललंय ते जसंच्या तसं लिहायचं. माझी वाक्यं बहुतेक ‘च’ लावलेली निघाली. शेड्यूल वाढायलाच पाहिजे. पोरं टिकायलाच पाहिजेत. मला सगळं झेपायलाच पाहिजे. त्या ‘च’ला धरून त्यांनी बरेच आठवडे माझ्याशी वाद घातला. शेड्यूल नाही वाढलं तर नेमकं काय होईल, हे मला त्यांच्यासमोर पायरीपायरीनं सांगावं लागायचं, आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीवर काहीतरी करता येण्याजोगं सापडायचं. धडधड एकदम गेली नाही. कमी झाली, मग महिना-दोन महिन्यांतनं एखाद्या वेळी यायला लागली. एमआयडीसीत असे बरेच मालक मला माहीत आहेत जे बीपीची गोळी चारचौघांत घेतात आणि या विषयावर तोंड उघडत नाहीत. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही फुकट हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं. हा नंबर आता आमच्या शेडमध्ये अग्निशमनच्या नंबरखाली लिहिलेला आहे.

२०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. त्या वेळी तयार माल आधीच तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वरच्या रॅकवर होता आणि चिखलीच्या पोरांना तीन दिवस आधीच सुट्टी दिली होती. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच.

थकबाकीचं मात्र लिहायलाच हवं, कारण मनाच्या ताकदीबद्दलची निम्मी चर्चा इथं येऊन फसते. ज्याचे पैसे शंभर दिवस अडकलेत त्याला ध्यानधारणा सांगणं मला चेष्टा वाटते. कायदा २००६ पासून आहे : सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवायचं, नाही तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. २०१७ पासून सरकारच्या ‘समाधान’ पोर्टलवर तक्रारही करता येते. पण तक्रार केली की पुढचं शेड्यूल येईल का, हा प्रश्न प्रत्येक जॉबवर्कवाल्याला पडतो, म्हणून माझ्या ओळखीत तक्रार करणारे थोडेच. फरक पडला तो आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) या कलमानं, २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून. आमचं बिल कायद्याच्या मुदतीत चुकवलं नाही, तर तो खर्च गिऱ्हाइकाला त्या वर्षी दाखवता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. त्या मार्चमध्ये आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या अकाउंट्स विभागातनं मला फोन आला, “मॅडम, तुमचं काही राहिलंय का?” एका गिऱ्हाइकानं उलट सुचवून पाहिलं की उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंद) रद्द केलीत तर काम वाढवू. मिस्टर म्हणाले, विचार करू. मी वही काढली. ४५ दिवसांनी पैसे येणारं कमी काम आणि शंभर दिवसांनी येणारं जास्त काम, दोन्हीचा दम काढला. नोंदणी राहिली. ते गिऱ्हाईक गेलं.

गेल्यावर जी पोकळी झाली ती पंपांच्या कव्हरांनी बऱ्यापैकी भरली. नग लहान, दर बेताचा, पण पैसे वेळेवर. आता कोणत्याही एका गिऱ्हाइकाचं काम तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरवलंय. हे पाळणं अवघड जातं, कारण चांगलं गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच जास्त काम घेऊन येतं.

सध्या वाद दुसऱ्या व्हीएमसीवरून चाललाय. मिस्टरांना नवं हवंय, मामांना जुनंच पण फानुक कंपनीच्या कंट्रोलरवालं, आणि मी दोन्हींचा हप्ता वहीत उतरवून ठेवलाय. नवं घेतलं तर दम अडीच महिन्यांवरून दीडवर येतो. मामांचं म्हणणं, वहीत मशीनच्या ब्रेकडाउनचा रकाना नाही, म्हणून नवं मशीन महाग दिसतं. म्हणजे जुनं हवं म्हणणारे मामाच नव्याची बाजू मांडतायत. या शनिवारी तो रकाना घालून बघणार आहोत.