वजनाला हलकी पुस्तकं

डेंग्यूचा ताप उतरला तेव्हा मला वाटलं, चला, आता आठ दिवस लोळत वाचू. कुणी हाक मारणार नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजायला नकोत. पण डेंग्यूत डोळ्यांच्या मागे जो ठणका लागतो, तो ताप गेला तरी लगेच हटत नाही. पहिले दोन दिवस पेपरचा मथळासुद्धा वाचवेना.

भेटायला येणाऱ्यांनी पपईच्या पानांचा रस आणला, तशी पुस्तकंही आणली. एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आली. ती उताणी पडून डोक्यावर धरली, डुलकी लागली आणि अख्खा गड नाकावर कोसळला. मुलाने ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, तर एक किलो ऐंशी ग्रॅम! दुसऱ्या पुस्तकाचं म्हणणं, पहाटे चारला उठा आणि जग जिंका. मी तेव्हा भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जात होते. तिसरी कादंबरी खरंच बरी होती, पण चाळिसाव्या पानावर नायिका खोकली. जुन्या मराठी कादंबरीत नायिका खोकली की पुढे काय होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. मिटून ठेवली.

शेवटी मुलाला इथे बडोद्यात मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत पिटाळलं. ‘चिं. वि. जोशी माग, नि पातळ बघून आण,’ एवढंच सांगितलं. पोरगा बडोद्याचा, मराठी वाचतो पण अक्षर अक्षर लावून. महाराज सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात वाचनालयांचं जाळं विणलं. खेड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या जायच्या. ते सगळं आमच्या घरापर्यंत पोहोचलं ते असं, पिशवीत कोथिंबिरीशेजारी. त्या लायब्ररीत पुस्तकांच्या कपाटांमधली जमीन काचेची आहे. लहानपणी मी तिच्यावर पाय ठेवायला घाबरायचे. मुलगा म्हणाला, ‘काही नाही गं, मजबूत आहे.’

पुस्तक आलं, ‘चिमणरावाचे चऱ्हाट’, चिमणराव नावाच्या गृहस्थाच्या विनोदी गोष्टींचं. चिं. वि. (1892–1963) आमच्या बडोद्याच्या कॉलेजात पाली शिकवायचे. दिवसा बौद्ध ग्रंथ आणि घरी चिमणराव, हा मेळ कसा बसत असेल कोण जाणे. पण लिहिताना पुण्याचा संसार उभा करणारा माणूस आपल्याच गावात राहत होता, याचा बडोदेकरांना जरा जास्तच अभिमान. मलाही आहे.

हे पुस्तक मी याआधी तीन-चारदा वाचलेलं. आजारपणात तेच कामाला येतं. पुढे काय होणार ही धाकधूक नको, मधेच झोप लागली तर काही हुकत नाही. पॅरासिटामॉलची रिकामी पट्टी खूण म्हणून घातली होती. गोळीच्या खळग्यांचे गोल वळ पानावर उमटले, ते लायब्ररीवाल्यांनी बघू नयेत म्हणून नंतर तळहाताने घासत बसले.

पण खरं सुख वेगळंच होतं. माझ्या खोलीबाहेर माझाच संसार माझ्याविना चालला होता. हे मोहरीचा डबा शोधत होते, सासूबाई ‘वरच्या फळीवर’ म्हणत होत्या, डबा खालच्या फळीवर होता, आणि शेजारच्या बेन मुगाचं पाणी घेऊन ‘हवे केम छे?’ विचारत दारात उभ्या. एरवी मी ताडकन उठले असते. आता उठवतच नव्हतं. अशा वेळी चिमणरावांच्या घरातला गोंधळ वाचावा. गुंड्याभाऊ कुणाशी तरी भांडणार, चिमणरावांची बायको काऊ वैतागणार, आणि निस्तरायला मी जायचं नाही. नव्वद वर्षांपूर्वीच सगळं निस्तरून झालेलं! दुसऱ्याच्या घरातल्या सांडलवंडीने अंगदुखी एवढी उतरते, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मात्र घात झाला. एका पानावर मला मोठ्याने हसू फुटलं. बाहेरचं भांड्यांचं वाजणं थांबलं. सासूबाईंचा आवाज आला, ‘हसतेय! बरी झाली म्हणायची. अरे, उद्यापासून पोळ्यांना बाई नको सांगू.’

तेव्हापासून हसू येतंय असं वाटलं की मी आधी जरा कण्हून घेते.